रुमालाखालचा आकडा

माझी बायको समाजकार्य शिकवते. जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात ती प्राध्यापक आहे. माझा बोरी बुद्रुकला वजनकाटा आहे, आणि त्यामागे अडीच एकर जमीन. काट्यावर ट्रक आधी भरलेला चढतो, माल उतरवून पुन्हा रिकामा चढतो. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करायचा, उरेल तो माल. माझा सगळा धंदा या एका वजाबाकीवर चालतो आणि तिच्यात चूक झालेली मला खपत नाही.

लग्न झालं तेव्हा काट्यावर येणाऱ्यांना तिची नोकरी समजावून सांगताना माझी दमछाक व्हायची.

"वहिनी काय शिकवत्यात?"

"समाजकार्य."

"ते शिकवाया लागतं व्हय, राव? आमचं चुलतं फुकट करत व्हतं."

"ते निवडणुकीच्या आधी," दुसरा मागून म्हणायचा. "निवडून आल्यावं बंद झालं."

मी पावती देऊन पुढचा ट्रक काट्यावर घ्यायचो. ती नेमकं काय शिकवते हे मलाही तेव्हा सांगता आलं नसतं. हळूहळू कळत गेलं, ते बहुतेक रात्रीच्या जेवणावर. वर्गात काय झालं ते सांगितल्याशिवाय तिचा घास उतरत नाही.

तिच्या वर्गात दोन तऱ्हेची मुलं येतात. एक आमच्यासारख्या बागाईत गावांतली, गाडीवरून येणारी. दुसरी तळेघरकडच्या डोंगरातली, भात-नाचणीच्या घरातली. त्यांच्यातली बरीच वसतिगृहावर राहतात. पहिल्या दिवशी ती मुलं आपोआप मागच्या बाकांवर जाऊन बसतात. कुणी सांगत नाही, तरी बसतात. बायको त्यांना पुढे या असं कधी म्हणत नाही. उठवून पुढे बसवलं की माणूस पुढे बसतो, पण मागचाच राहतो, असं तिचं म्हणणं.

त्याऐवजी ती पहिल्याच आठवड्यात एक काम देते. प्रत्येकाने सांगायचं, की आमच्या घरी आलेल्या पाहुण्याने कुठला प्रश्न विचारू नये. पुढे ही मुलं लोकांच्या दारात जाऊन आरोग्याची, आजारपणाची विचारपूस करणार, तर आधी न विचारायचं काय ते कळू दे.

उत्तरं मजेशीर येतात. आमच्याच गावची एक मुलगी म्हणाली, "जमीन किती एकर ते विचारू नये. आज्जी कमी सांगते, आजोबा जास्त सांगतात, मग भांडणं होतात." एकाने सांगितलं, धाकट्या काकाचं लग्न का झालं नाही ते विचारू नये. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "आडनाव विचारू नये. कारण त्यानंतर चहा कुठल्या कपात येतो ते आम्हाला माहीत आहे." बायकोने ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं.

तळेघरकडची एक मुलगी त्याच वर्गात होती. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडं लेकराचं वजन विचारू नये."

वर्ग हसला. बाळाचं वजन तर सगळ्यात आधी विचारतात, पेढ्यांबरोबरच सांगतात. मुलगी खाली बसली आणि पुढचे दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

बायको वर्गावर रागावली नाही. ती त्या आठवड्यात सगळ्यांना बेल्ह्याच्या बैलबाजारात घेऊन गेली. तिथले व्यवहार आम्हाला लहानपणापासून पाठ. गिऱ्हाईक आणि व्यापारी हातात हात देतात, वर रुमाल टाकतात, आणि किंमत रुमालाखाली बोटांनी ठरते. तोंडाने दोघं हवापाण्याच्या गप्पा मारत असतात. ही मुलं जन्मभर ते बघत आलेली. त्यात बघण्यासारखं काय आहे, असा सगळ्यांचा चेहरा.

तिने विचारलं, "रुमाल कशासाठी?"

व्यापाऱ्याच्या घरातली एक मुलगी म्हणाली, "आकडा बोलला की तो बाजाराचा होतो, मॅडम. रुमालाखाली आहे तोवर दोघांचाच."

"मग बाळाच्या वजनावर कोण हसत होतं?"

पुढे तो विषय वर्गात निघाला तेव्हा कुणी हसलं नाही. मला हे सगळं ऐकून नवल वाटलं नाही. काट्यावर एकाचं वजन मी दुसऱ्याला कधी सांगत नाही, सख्खा भाऊ विचारत असला तरी. पण डोंगरातली बाई आणि मी एकाच कारणाने गप्प बसतो, हे काही मला सुचलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने मला बोटांच्या खुणा शिकवायला बसवलं. स्वयंपाकघरात पाट मांडून, हातावर पंचा टाकून आम्ही बसलो. पाचपर्यंत ती झटकन शिकली. सहा आणि सातमध्ये फार घोटाळे करायची. "तुम्ही बोट नीट दाबत नाही," असं वर मलाच म्हणायची. मग आमच्या घरात ती पद्धतच पडली. तिचे विद्यार्थी कधीही यायचे. जेवायला किती थांबणार हे त्यांच्यासमोर बोलायचं कसं? ती पाण्याचा तांब्या देताना पदराआड माझी बोटं दाबायची आणि मी मागच्या दारी जाऊन स्वयंपाकाच्या बाईंना तेवढ्यांचं पीठ मळायला सांगायचो. एकदा तिने सहा सांगितले, मला सात कळले, आणि उरलेली भाकरी कुणी खायची यावर आमचं दोन दिवस चाललं होतं.

तिचा दुसरा नियम म्हणजे विद्यार्थ्यांनी परक्या घरात राहायचं. क्षेत्रकार्याच्या दिवसांत बागाइतातली मुलं डोंगरात, डोंगरातली मुलं बागाइतात. एखाद्या घराने "आमच्यात नको" म्हटलं तर ती वाद घालत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा विचारते. तीन वर्षांनी हो म्हणालेली घरं मला माहीत आहेत. पण दुसऱ्यांना सांगायचं तर सुरुवात आपल्याकडून, म्हणून ती तळेघरची मुलगी आमच्याकडे राहिली.

कामाला वाघ होती. पण जेवायला बसायची नाही. सगळ्यांना वाढून झालं की ओट्यापाशी उभी राहून काहीतरी तोंडात टाकायची. बायको तिचं ताट आणून आपल्या ताटाशेजारी ठेवायची.

"बस."

"मला सवय आहे, मॅडम."

"उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नाही. बस."

उन्हाळी कांदा निघाला होता. गोण्या मोजायचा छोटा काटा पडवीत असायचा, खाली चौकोनी पत्रा आणि वर आकड्यांची खिडकी असलेला. एकदा घरी आलेल्या तिच्या वर्गातल्या पोरी त्यावर एकेक चढत होत्या. ही चढली तर अठ्ठेचाळीस. आमच्याकडे कांद्याची गोणी पन्नासची भरतात. दुसरी पोरगी म्हणाली, "दोन किलो कमी हायेस गं. आडतदार घ्यायचा न्हाई तुला." ती इतकी हसली की पत्र्यावरून खाली उतरेपर्यंत आकडा हलत होता. मला माणसांची नावं राहत नाहीत, आकडे राहतात. हा राहिला.

पदवी घेऊन ती गेली. तळेघरच्या वरच्या वाडीत लग्न झालं. नवरा चाकणला कंपनीत, सुट्टीला घरी. शेत सासू आणि सून बघणार. सणावाराला तिचा फोन यायचा. मग पहिलं मूल झालं आणि काही महिन्यांत गेलं, हेही फोनवरच कळलं. बायको त्या दिवशी जेवली नाही आणि वर्गातलं काही बोललीही नाही.

मागच्या हिवाळ्यात तिचा निरोप आला, फोनवर बोलून पाठवलेला. बायकोने मला ऐकवला. दुसरं बाळ पाच महिन्यांचं झालं होतं. ती म्हणत होती, "मॅडम, हा वाढत नाही असं वाटतं मला. पण नक्की सांगता येत नाही, कारण घरात त्याला तोलायचं नाही. सासूबाईंनी नवस केलाय. चैत्राच्या जत्रेत देवापुढे गुळाने तोलायचं, तोवर काट्यावर ठेवायचा नाही. पहिल्याला दर महिन्याला तोललं आणि तो गेला. मी शिकलेली, मीच त्याला घेऊन जात होते. आता मी कुठल्या तोंडाने बोलू?"

"दवाखान्यात ने म्हणावं," मी म्हटलं.

"दवाखान्यात पहिलं काम वजन. वजनावर औषध. सासू दारातून बाहेर पडू देणार नाही."

बायको रविवारी निघाली. मी गाडी चालवायला, आणि मागे छोटा काटा ठेवला. ती म्हणाली, "कशाला? अंगणवाडीत आहे की." मी म्हटलं, अंगणवाडीतला काटा हुकाला टांगायचा. बाळ झोळीत घालून लोंबकळवतात, ते बघूनच आजी बिथरायची. शिवाय तो कधी तपासला कुणास ठाऊक. ती म्हणाली, "घ्या, घ्या. तुम्हाला काट्याशिवाय करमत नाही."

घोडेगाव मागे टाकून डिंभ्याच्या वर चढेस्तोवर मला एक युक्ती सुचली होती. आमच्याकडे दूधवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांनाच माहीत असलेली. आई बाळाला घेऊन उभी राहील, मग नुसती आई. भरलेली गाडी, रिकामी गाडी. मी म्हटलं, सासूला काही सांगायची गरजच नाही. सुनेचं वजन करतो म्हणायचं, बाळ तिच्या कडेवर असेलच.

बायको खिडकीतून बाहेर बघत होती. "नाही," ती म्हणाली. "सांगूनच करायचं. नाहीतर तिच्या घरात जाऊन आपण तिला फसवलं, एवढंच राहील. आणि सून तिथेच राहणार आहे."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर नाही."

मला ते पटलं नव्हतं. पाच महिन्यांच्या बाळाचा प्रश्न होता. पण गाडी मी चालवतो, काम तिचं असतं.

घर सारवलेलं, अंगणात भाताचे पेंढे रचलेले. सून बाहेर आली तेव्हा मी आधी दुसरीच कुणी समजलो. साडी अंगावर दोनदा गुंडाळल्यासारखी. बाळ तिच्या खांद्यावर झोपेला आलं होतं. सासू उंबऱ्यात बसली होती; हाडकुळी, ताठ, बोलायला रोकठोक.

"या पावणं. मॅडम, बसा. सुनेनं बोलावलं का तुमाला?"

"हो, मावशी. बाळासाठी आले. आणि काटा घेऊन आलेय, तेही सांगते."

सासूने माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "मग चा घ्या आन परत न्या. माज्या द्येवाचं ठरलंय."

बायकोने चहा घेतला. नवसाचं सगळं विचारून घेतलं, कुठला देव, गूळ कुठून आणणार, तागडी कुणाची. सासू सांगत गेली. मग बायकोने तिला सरळ सांगितलं, की बाळाला काट्यावर ठेवणार नाही. आईला ठेवणार, एकदा बाळ घेऊन, एकदा मोकळी. त्यातून बाळाचं आम्हाला कळेल. हे नवसात बसतं का, ते तुम्हीच सांगा.

सासूने आधी चुलीवरचं दूध उतरवून ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे येकच झालं की. मला काय कळत न्हाई व्हय?"

"एकच आहे," बायको म्हणाली.

"पर त्याचे पाय काट्याला लागनार न्हाईत."

"नाही लागणार."

"आन आकडा?"

"आकडा कुणी बोलणार नाही."

"तो पावना बोलंल की. त्याचा धंदाच हाय."

"तो तर मुळीच बोलणार नाही," बायको म्हणाली. "माझ्याशी सुद्धा बोलत नाही."

सून हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलं हसू. सासू उठली आणि म्हणाली, "मग बघा. द्येवाला सांगायला मला जागा ऱ्हायली."

सारवणाची जमीन खालीवर असते, काटा एका पायावर डुगडुगायला लागला. मी अंगणातली फळी आणली, खाली खापऱ्या सारल्या, सोबत आणलेलं वजन ठेवून बघितलं. बरोबर आल्यावर माझा पंचा आकड्यांच्या खिडकीवर टाकला. बाळाला घेऊन सून चढली. मी पंच्याखाली वाकून बघितलं. मग बाळ सासूकडे दिलं, सून एकटी चढली. पुन्हा बघितलं.

वजाबाकी मनातल्या मनात झाली. मी पंचा उचलून हातावर घेतला, बायकोने खाली हात घातला. चार बोटं दाबली. मग सातची खूण. या वेळी तिचा घोटाळा झाला नाही. चार किलो सातशे. पाच महिन्यांच्या मुलाचं सातच्या आसपास हवं, हे मला घरी तिनेच आधी सांगून ठेवलं होतं.

ती हात काढून घ्यायला लागली तसा मी तो धरून ठेवला. तीन बोटं. मग नऊची खूण.

तिने डोळ्यांनीच विचारलं, पुन्हा.

तीन. नऊ. एकोणचाळीस. ही गाडी रिकामी किती होती ते मला माहीत होतं. आमच्याच पडवीत भरली होती, अठ्ठेचाळीस. बाळ तोलायला आलो होतो, आणि कमी भरली होती ती आई. पंच्याखाली बायकोने माझी बोटं अशी आवळून धरली की त्यात कुठलाच आकडा नव्हता.

मग ती सासूपाशी जाऊन बसली. "मावशी, बाळाचं मी बोलत नाही. सुनेचं बोलू का?"

"सुनेचा काय नवस न्हाई. बोला."

बायकोने सांगितलं. आमच्या घरी होती तेव्हा किती होती, आज किती आहे. भातकापणी, झोडणी, डोक्यावरचं पाणी, आणि त्यात अंगावर पिणारं मूल. दूध येणार कुठून? बाळाला नेऊन भागणार नाही, दोघांना न्यावं लागेल, आणि तिथे राहावं लागेल.

सासू सुनेकडे बघत होती. मला वाटलं आता ही भांडणार. ती म्हणाली, "ह्या घरात बाया मागूनच जेवत्यात, मॅडम. उरंल ते. मी बी तशीच जेवले. आजून जेवते." मग तिने बाळ सुनेकडे दिलं आणि पातळ सावरत काट्यापाशी आली. "मला बी मोजा वो पावणं. माझा मोठ्यानं सांगा. म्हातारीला कोन दृष्ट लावतंय?"

मी मोठ्याने सांगितलं, छत्तीस. ती म्हणाली, "बघा. लाकूडफाटा बी जास्त भरंल." पण हसली नाही.

त्याच दुपारी सासू, सून आणि बाळ आमच्या गाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात आली. वॉर्डाच्या दारात सासू अडली. तिथेही त्याला काट्यावर ठेवायचा नाही. तिथल्या सिस्टर दिवसभराच्या दमलेल्या, त्यांच्याकडे पंचवीस बाळं. बायको त्यांच्याशी दाराबाहेर बोलत राहिली. आवाज चढवला नाही, डॉक्टरांची ओळख सांगितली नाही. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, म्हणजे मी एका बाळासाठी दोन वजनं घ्यायची?"

"हो. आणि दुसरंही लिहून ठेवा. त्याचा तुम्हाला उपयोग होईल."

सिस्टरनी लिहिलं. आईचं रक्त तपासलं तेव्हा तेही फार कमी निघालं. दोघं तिथे राहिली, सासू उशाशी. बायको कॉलेज सुटल्यावर जाऊन यायची. एकदा आली ती खुशीत होती. वॉर्डातल्या आणखी काही बाळांच्या आयांना सिस्टर आपणहून काट्यावर उभं करायला लागल्या होत्या. तिच्या वर्गात त्या वर्षीपासून मुलांना सांगितलं जातं, की बाळाच्या घरी गेलात तर आधी आई जेवली का ते बघा. विचारू नका, बघा.

चैत्रात आम्हाला जत्रेचं बोलावणं आलं. देवळासमोर झाडाला तागडी टांगलेली. एका पारड्यात बाळ बसवलं, ते दोरी तोंडात घालायला बघत होतं. दुसऱ्या पारड्यात सासू गूळ ठेवायला लागली. मी मोजलं नाही असं म्हणणार नाही. ते माझ्याच्याने होत नाही. किलोच्या सात भेल्या झाल्या, गुळाचं पारडं अजून वर, मग एक अर्धी. बायकोने माझ्याकडे हात केला. मी पंचा काढला आणि तिला सांगितलं, सात, मग पाच. या वेळी तिने पुन्हा विचारलं, पण ते आनंदाने.

पारडी सारखी झाल्यावरही सासूने वर आणखी एक खडा ठेवला. माझा जीव वरखाली झाला, पण देवाच्या मापात मी बोलत नाही.

गूळ फोडून वाटायला सुनेने ताट उचललं. गावजेवणाची पंगत बसत होती, पुरुषांची पहिली. सासूने तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि चाकणहून सुट्टी काढून आलेल्या मुलाच्या हातात दिलं.

"तू वाट. तिला पंगतीला बसू दे."

"पहिल्या पंगतीला?" मुलगा म्हणाला.

"मग काय तिसऱ्या? सर जरा तिकडं." तिने सुनेचा हात धरून तिला बायकोच्या शेजारी बसवलं, पत्रावळ पुढे ओढली, आणि जरा घुटमळून तिच्या पलीकडे स्वतःही बसली.